काकूंच्या तळ्यातल्या उवा

इकडे खाडीकाठच्या खारेपाटात घरामागे तळं असतं आणि तळ्यात जिताडा. दोन-तीन वर्षं हा मासा वाढवायचा आणि लेकीचा सासरा, कुणी मोठा साहेब, असं मानाचं माणूस आलं की काढायचा. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. मी परभणीकडची, आमच्याकडे मासा बाजारात दिसायचा तेवढाच. सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, नवरा उरणला ट्रेलरवर लागला आणि मी इथे भाऊंकडे.

भाऊ म्हणजे माझे मालक. बंगालकडून माशांची पिल्लं मागवायचे आणि शेडमधल्या टाक्यांत ठेवून विकायचे. त्यांनी मला खोली दिली. पोरीचा दाखला गावाकडून येत नव्हता, तर स्वतः शाळेत जाऊन हेडबाईंशी बोलले. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. त्यांच्या आवाजात जरा फरक पडला तरी मला धडकी भरायची, आपलं काही चुकलं की काय.

आणि काकू. रोज कुंपणावरून हाक, "जेवलीस का गो?" नसले जेवले तर ताट यायचं.

उन्हाळ्यात नवा माल आला. भाऊंनी एक पिल्लू तळहातावर घेतलं, नखानं त्याच्या अंगावरून काहीतरी खरवडलं आणि पिल्लांचा अख्खा डबा माझ्याकडे दिला. "काकूंना दे. जिताड्याला खायला होतील." मी तो डबा मिरवत नेला. काकूंच्या घरात काही न्यायची माझी ती पहिलीच वेळ.

थोड्या दिवसांनी जिताडा पायरीच्या दगडाला अंग घासायला लागला. काकूंनी जाळ्यानं काढला. अंगावर लाल चट्टे, आणि त्यावर मसुरीच्या डाळीएवढे चपटे, काचेसारखे किडे, चालणारे. काकूंच्या लेकीचं जमलं होतं, व्याही यायचे होते. "जन्मात बगलं न्हाय असलं," काकू म्हणाल्या आणि खालीच बसल्या.

मी धावत भाऊंकडे गेले. भाऊंना उपाय माहीत असणार.

"उवा त्या," मोबाईलमधून मान वर न करता भाऊ म्हणाले. "त्या मालालाच होत्या."

"मग काकूंना कशाला दिला?"

"मग काय आपल्या टाक्यांत सोडायचा?" मग आवाज मऊ करून, "तू बोलू नकोस कुठे. नेऊन दिलंस तूच ना?"

माझ्यासमोर हेडबाईंशी ज्या आवाजात बोलले होते, तोच हा आवाज.

पावसात इथली तळी भरतात, एकातलं पाणी दुसऱ्यात जातं. गप्प बसले असते तर उवा सगळ्या आळीत गेल्या असत्या. मी काकूंना सगळं सांगून टाकलं.

"ठाव व्हतं त्याला?"

"हो."

काकू उठून घरात गेल्या.

सकाळी तळ्यावर बायका जमल्या. तेवढ्यात भाऊंचा टेम्पो आला, मिठाच्या गोण्या घेऊन. चालवायला काकूंचाच मुलगा, भाऊंकडे पगारावर होता तो, आणि शेजारी भाऊ. "पिंपात मीठ कालवा, मासा थोडा वेळ बुडवा, गळून पडतील. तळं आटवा, चुना मारा. पाऊस लागायच्या आत." बायका म्हणाल्या, भाऊ व्हता म्हणून, न्हायतर कुनाला सुचलं असतं!

भाऊ माझ्याकडे बघून हसले. "हिनंच कुठनं तरी असली पिल्लं आणून टाकलीत. नवीन आहे, कळत नाही तिला."

"घाटावरची ती," एकजण म्हणाली. "मासा दूध देतो का इचारल उद्या!"

सगळ्या हसल्या. मी काकूंकडे बघत राहिले. काकूंनी गोणीचं तोंड सोडलं, मूठभर मीठ बोटांतून खाली सोडलं.

"मीठ बारीक हाय," म्हणाल्या, आणि मुलाला पिंप आणायला पाठवलं.

जिताडा वाचला. संध्याकाळी तळ्यावरचा पंप बंद झाला आणि कुंपणावरून रोजची हाक आली, "जेवलीस का गो?"

"जेवले," मी म्हणाले. गॅस अजून पेटवलाही नव्हता.