मामानं वाचवलेली पन्हळ

आईचा फोन आला तेव्हा मी रोह्याच्या ऑफिसात होतो. "दादा गेला रे," एवढंच ती म्हणाली... त्याला आता महिना होऊन गेला.

तिचा दादा म्हणजे माझा मामा. तो पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावात होड्या दुरुस्त करायचा. तेल-राळेत भिजवलेला कापूस फळ्यांच्या फटींत ठोकून बसवायचा. स्वतः चौथीपर्यंत शिकलेला. पण इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला माझ्याबरोबर तोच आला होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी चढलो, कारण तो मागे उभा होता.

नोकरी रोह्याला, कालव्यावर लागली. तिथे बाजाररस्त्याच्या डोक्यावरून बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जुन्या पन्हळीतून कालवा जातो. खाली रिक्षा-टेम्पो, वर पलीकडच्या गावांच्या उन्हाळी भाताचं पाणी. त्या वर्षी दुरुस्तीमुळे दसऱ्यापासून पन्हळ कोरडी होती. जानेवारीत पाणी सोडलं आणि सांध्यासांध्यातून धारा लागल्या. खालचा चहावाला ओरडला, "सायेब, गिऱ्हाइकाला चहा देऊ का साबण?" मी घाबरलो. पाणी बंद केलं आणि त्याच दिवशी अहवाल दिला : पन्हळ निकामी आहे, उतरवावी. नवी होईपर्यंत भात जाणार, हे मला ठाऊक होतं.

रविवारी मामा सहज भेटायला आला. "तुझा पूल दाखव," म्हणाला. वर चढला, एका सांध्यातून तागाचा काळपट धागा ओढून काढला आणि बोटांत चुरगळला.

"कधीपास्नं सुकी हाय?"

"दसऱ्यापासून."

"भाच्या, किनाऱ्यावर सुकलेली होडी पाण्यात घातली की पयल्या दिशी रडतेच. म्हणून तू ती फोडतोस व्हय?"

"मामा, हे लोखंड आहे. लाकूड नाही."

"लोखंड नाय रडत रे. मधलं भरण सुकलंय. थोडं थोडं पानी सोड, चार दिस थांब."

मग हातोडीनं एकेक पत्रा वाजवत तो टोकापर्यंत गेला; खालून चहावाला सगळं बघत-ऐकत होता. एकच पत्रा बद्द वाजला. "ह्याला चीर हाय. हा तेवढा बदल."

पण अहवाल साहेबांच्या टेबलावर होता. मागे घेतला असता तर नवख्या पोराला काही कळत नाही, असं झालं असतं. मामानं ते ओळखलं. "तुझी लाज मोठी का त्यांचं भात?"

सोमवारी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि घाई झाली, हे कबूल केलं. त्यांनी चार दिवस दिले. रस्ता अडवून आम्ही पाणी बेतानं सोडलं. ताग फुगत गेला, सांधे एकेक करून मिटले. चौथ्या दिवशी फक्त तो बद्द पत्रा गळत होता. तो बदलला, आणि भात वाचलं. त्या दिवसापासून स्वतःची चूक मान्य करायला मी कधी घाबरलो नाही. पदवीनं मला पुष्कळ दिलं. हे मात्र मामानं दिलं.

यंदाही पन्हळ दुरुस्तीसाठी कोरडी होती; गेल्या आठवड्यात पाणी सोडलं. मी पन्हळीखाली गेलो तर चहावाल्यानं बाकडी आत घेतलेली. कुणी नवं गिऱ्हाईक डोक्यावर थेंब पडला म्हणून कुरकुरत होतं.

"चार दिस आत बसा," चहावाला म्हणाला. "मामाचं पानी हाय."

"कुणाचा मामा?"

"आमचा," चहा गाळता गाळता, मान वर न करता तो म्हणाला.