केदारनाथची चालती शेळी

बीडच्या बसस्टँडजवळ केदारनाथ पेंटरचं दुकान होतं. घराण्याचा धंदा किराण्याचा. पण हा पोरगा साखरेच्या पोत्यांवर कोळशानं म्हशी काढायचा, म्हणून बापानंच वैतागून त्याच्या हातात ब्रश दिला.

शहाण्णव साली घरी केबल आली आणि केदारनाथ कार्टूनच्या नादी लागला. कोण कुणाच्या डोक्यात तवा घालतंय हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं. मग रविवारच्या पुरवणीत त्यानं वाचलं, की जुन्या काळी अमेरिकेत ही चित्रं माणसं हातानंच काढायची. मागचा देखावा एकदाच रंगवायचा. त्यावर पारदर्शक फिल्म ठेवून प्राणी काढायचा आणि दर चित्रात पाय थोडा पुढं सरकवायचा. हावभाव जमावेत म्हणून चित्रकार समोर आरसा ठेवायचे.

"आई, हे तर आपलंच काम हाय!" तो ओरडला.

कापड दुकानदार सुंदररावांना दिवाळीसाठी केबलवर जाहिरात हवी होती. केदारनाथनं त्यांना गोष्ट सांगितली. एक शेळी बाजारातल्या सगळ्या साड्या हुंगून नाक मुरडते आणि शेवटी सुंदररावांच्या दुकानात येऊन हिरव्या साडीचा पदर आवडीनं खाते. बाकीच्या दुकानांचा अपमान होत असल्यामुळं सुंदररावांना गोष्ट लगेच पटली.

दुसऱ्या दिवसापासून केदारनाथ आरशासमोर बसून रवंथ करू लागला. त्याच्या आई उमाबाई दारातून बघत होत्या.

"दाढ दुखती का रे?"

"न्हाई."

"मग तोंड कावून फिरवतो?"

"मी शेळी हाय, आई. मधी बोलू नको."

उमाबाई डोळे टिपत शेजारच्या विमलबाईंकडं गेल्या. दोघींनी मिळून त्याच्या नावानं कपिलधारच्या मंदिरात अभिषेक ठरवला.

पारदर्शक फिल्म काही बीडमध्ये मिळेना. मग केदारनाथनं दवाखान्यातले टाकाऊ एक्स-रे मागून आणले आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतले. काळं निघून जायचं, निळसर फिल्म उरायची. दिवाळी तोंडावर आली तशी धुण्यात घाई झाली.

लग्नाचं शूटिंग करणारा त्रिंबक कॅमेरा घेऊन आला. केदारनाथ चित्र बदलायचा, त्रिंबक बटण दाबून लगेच सोडायचा. सगळं झाल्यावर केदारनाथनं कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावून आतल्या बारक्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बघितलं. शेळी झटके खात होती, पण चालत होती. त्याला रडूच आलं.

"कावून रडतो बे?" त्रिंबक म्हणाला. "चालली की!"

केबलवर जाहिरात लागली तेव्हा सुंदररावांनी पाहुणे बोलावून ती आपल्या मोठ्या रंगीत टीव्हीवर बघितली. दुकानात शिरेपर्यंत शेळी चांगली गुबगुबीत होती. साडीचा पहिला घास घेतला आणि तिच्या पोटात बरगड्या दिसायला लागल्या. शेवटच्या घासाला कुणाची तरी दोन्ही फुफ्फुसं आली.

सुंदरराव तडक पेंटरच्या दुकानात. "माझी साडी खाऊन शेळीला टीबी झाला व्हय रे?"

जाहिरात बंद झाली.

पण दुसऱ्याच दिवशी केबलवाल्याकडं फोन सुरू झाले, शेळी कुठं गेली म्हणून. सुंदररावांच्या दुकानात तर शिरूर कासारहून रतनबाई नावाच्या बाई दोन्ही सुनांना घेऊन आल्या.

"शेळीनं खाल्ली ती साडी दाखवा."

सुंदररावांनी गुमान हिरव्या साड्यांचा गठ्ठा सोडला. संध्याकाळी शेळी पुन्हा पडद्यावर आली, बरगड्यांसकट.

त्यानंतर केदारनाथनं आपल्या पाटीवर 'नंबरप्लेट, बॅनर'च्या खाली 'चालती चित्रं' असं रंगवून टाकलं. बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग नगरपालिकेला उभे राहिलेले एक वजनदार वकील आले. त्यांना स्वतःला जनतेसाठी पळताना दाखवायचं होतं.

केदारनाथनं त्यांचं पोट नीट निरखून बघितलं.

"साहेब, पळायला लई चित्रं लागतेत," तो अदबीनं म्हणाला. "बसूनच हात जोडले तर न्हाई का जमणार?"