जिता नाथाजी

कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या त्या गावात नाथाजी या नावाला मोठा मान. पहिले नाथाजी पैलवान, त्यांनी मैदानं मारून गावात गदा आणली. दुसरे नाथाजी मास्तर, त्यांनी स्वतःचं रान विकून हायस्कूल उभं केलं. तेव्हापासून बारशाला हे नाव हमखास निघायचं. एकाच साली जन्मलेल्या दोन पोरांना ते मिळालं. दोघंही थोरात, एक बाळासोंचा, दुसरा कृष्णातचा. एका बाकावर शिकले, एकाच भरतीत धावले आणि फौजेत गेले. पलटणी तेवढ्या वेगळ्या पडल्या.

आठ वर्षांमागं, श्रावणातल्या एका सकाळी कराडहून कुणा सोयऱ्याचा फोन आला : थोरातांचा नाथाजी चकमकीत पडला. बापाचं नाव काही त्याला सांगता येईना. कृष्णातच्या नाथाजीचा आदल्याच संध्याकाळी घरी फोन आलेला. बाळासोंचा नाथाजी बर्फातल्या चौकीवर, त्याची महिनाभर खबर नव्हती. मग माणसं बाळासोंच्याच दारात गेली.

बाळासो म्हशीला पाणी दाखवत होते. ऐकलं आणि दावणीला पाठ लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. त्यांना जीपमध्ये घालून कराडला नेलं. त्यांच्या नाथाजीची बायको शालूबाई उंबऱ्यातच कोसळली. तीन घरं पलीकडून कृष्णातच्या नाथाजीची बायको संयोगिता धावत आली आणि तिनं शालूचं डोकं मांडीवर घेतलं. एक म्हातारी बांगड्या फोडायला पुढं झाली, तर तिनंच हात धरला.

"थांबा आत्ती. कागूद येऊ द्या, मग बगू."

अकराच्या सुमारास ग्रामपंचायतीत पलटणीचा फोन आला. त्यात पुरतं नाव होतं. नाथाजी कृष्णात थोरात.

"देवा, पावलास," शालूच्या तोंडून गेलं. डोकं अजून संयोगिताच्याच मांडीवर होतं.

बाळासो तोवर वाटेतच गेले होते.

बाळासोंचा नाथाजी तिसऱ्या दिवशी घरी पोचला. आदल्या दिवशी मित्राला निरोप द्यायला सारा तालुका लोटला होता; बंदुकांची सलामी झाली. त्याच्या स्वतःच्या बापाला मात्र पंधरा-वीस माणसांनी पोचवलं होतं. कुणाला दोष द्यावा हेही त्याला कळेना. रात्री शालूनं त्याला सगळं सांगितलं, तोंडून गेलेल्या शब्दांसकट.

"तिनं ऐकलं का?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. तरी माज्या डोक्यावरनं हात फिरवीत व्हती."

पुढं वेशीत शहीद नाथाजीच्या नावाची कमान उभी राहिली. दोन वर्षांमागं बाळासोंचा नाथाजी पेन्शनीत निघून गावी आला, तेव्हा ओळख पटावी म्हणून लोक त्याला जिता नाथाजी म्हणू लागले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पंधरा ऑगस्टला त्याला पहिल्या रांगेत बसवायचे, शेजारी संयोगिताची खुर्ची. तो मान खाली घालून बसायचा.

एका दुपारी संयोगिता त्याच्या दारात आली. पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

"भावजी, राग मानू नगा. पारावरनं कुनीबी नाथाजी म्हून हाक मारतं, आन् मी हातातलं टाकून दाराकडं बगते. रोज. आता न्हाई सोसत मला."

"लोकान्ला सांगतो, हाक मारू नगा म्हून."

"कुनाकुनाला सांगशीला?"

महिन्याभरात त्यानं रान वाट्यानं लावलं आणि बिऱ्हाड इस्लामपूरला हलवलं. तिथं एका साखर कारखान्याच्या फाटकावर राखणदाराची नोकरी धरली. छातीवरच्या पट्टीवर नाव लिहून घेताना एन. बी. थोरात एवढंच सांगितलं. तिथं त्याला सगळे एनबी म्हणतात. आई त्याच्या लहानपणीच गेलेली, बाप असा गेला, आणि बायको काही नावानं हाक मारत नाही. ते नाव घेणारं आता जवळ कुणी उरलं नाही.

मागल्या गळिताला पाळीवर एक नवा गडी आला, फलटणकडचा. शालू डबा घेऊन आली तेव्हा तो सहज विचारत होता, "एन म्हंजी काय वं?"

"नारायण," नाथाजी म्हणाला.

शालूनं डबा कट्ट्यावर ठेवला आणि घरची वाट धरली.