दुपारच्या उन्हात आंधळा झालेला डोळा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता विसरलो आहे, पण एका साखर कारखान्यातल्या मृत्यूचा तपास विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. नगर जिल्ह्याच्या ऊस पट्ट्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. कारखान्याचं आणि माणसांचं नाव मी तेव्हाही चव्हाट्यावर आणलं नाही, आताही आणणार नाही. घडलं ते मात्र सगळं सांगणार आहे.

थंडीचे दिवस होते आणि गळीत हंगाम जोरात होता. कारखान्यातून ठाण्यात वर्दी आली की गव्हाणीत सापडून एक मजूर ठार झाला. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा रुंद लोखंडी पट्टा. त्याच्या टोकाला ऊस कापणाऱ्या सुऱ्या गरगर फिरत असतात. मजूर जामखेडकडचा, तिशीतला. अडकलेला ऊस मोकळा करायला तो चालत्या पट्ट्यावर उतरला आणि सुऱ्यांपर्यंत ओढला गेला.

चालत्या पट्ट्यावर माणूस उतरतोच कसा, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर मिळालं, "डोळा हाय ना साहेब." त्याच वर्षी कारखान्याने सुऱ्यांच्या अलीकडे विजेचा डोळा बसवला होता. एका बाजूला दिवा आणि समोरच्या बाजूला त्याचा उजेड ओळखणारी पेटी. उसाच्या थराच्या वर, माणसाच्या कमरेच्या उंचीवर ती उजेडाची रेघ असायची. माणूस आडवा आला की उजेड तुटायचा आणि पट्टा जागच्या जागी थांबायचा. आज असल्या साधनांना सेन्सर म्हणतात. आधी मजूर पट्टा थांबवून उतरायचे. डोळा आल्यापासून चालत्या पट्ट्यावर उतरू लागले होते.

पंचनामा चालू असताना एक खबऱ्या माझ्या कानाशी लागला. म्हणाला, "गव्हाण चालवनाऱ्यानं डोळाच बाद केलाय. पेटी उघडून बघा." पेटी उघडली तर आत दोन जोडण्यांमध्ये तांब्याची तार घातलेली होती. तारेमुळे डोळा असून नसल्यासारखा. माणूस आडवा आला तरी पट्टा चालूच. चीफ इंजिनिअर शेजारीच उभे होते. "पट्टा सारखा थांबतो म्हणून हा माणूस कुरकुर करायचा. शिवाय युनियनचा आहे," ते म्हणाले. मी तार जप्त केली आणि गव्हाण चालवणाऱ्याला ताब्यात घेतलं.

तो चाळिशीचा, रुंद खांद्यांचा गडी होता. ठाण्यात आणल्यावर मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"तार कुणी घातली?"

"मला ठावं न्हाई."

"पेटी तुझ्या ताब्यात होती."

"पेटीला कुलूप हाय. किल्ली माझ्याकडं कदी दिलीच न्हाई. तुमी मारा, टांगा, काय बी करा. मी घातली असं माझ्या तोंडून यायचं न्हाई."

आवाज चढवला तर त्याने माझ्यापेक्षा वरचा आवाज काढला. हवालदार पुढे झाला, त्याला मी थांबवलं. आरोपी उर्मट आहे म्हणजे दोषी आहे, असं समजणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव वेगळा होता. सावरून बोलणारा माणूस बहुधा आधीच ठरवून आलेला असतो. या गड्याने काहीच ठरवलेलं नव्हतं. तो नुसता संतापलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताची बायको भावाला घेऊन ठाण्यात आली. कारखान्याच्या माणसांनी तिला वाटेतच गाठलं होतं. गव्हाण चालवणाऱ्याने जुन्या भांडणातून तुझ्या नवऱ्याचा जीव घेतला असा जबाब दे, तुला कारखान्यात कामाला लावतो, असं सांगितलं होतं. हे तिने मला टेबलासमोर उभं राहून, मोठ्याने, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मग? देणार जबाब?"

"कसला जबाब? त्या दोगांचं भांडन नव्हतंच. एका ताटात जेवायचे. मला त्यांचं काम नगं. माझा मालक कसा मेला त्ये मला दावा."

भाऊ तिला गप्प करू पाहत होता. ती गप्प झाली नाही.

मी तिला घेऊन कारखान्यात गेलो. चीफ इंजिनिअरांनी आनंदाने प्रात्यक्षिक दाखवलं. सुऱ्या बंद ठेवून नुसता पट्टा चालवला. तार आम्ही आधीच काढलेली होती. एका मजुराने लांब बांबूला भरलेलं पोतं बांधून ते उजेडाच्या रेघेत धरलं. पट्टा खटकन थांबला. पुन्हा धरलं, पुन्हा थांबला. "बघा, साधन उत्तम आहे. तार घातली म्हणून माणूस गेला," चीफ म्हणाले. पंचांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझीही खात्री पटत चालली होती.

बाई मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "ह्ये सकाळचं झालं. माझा मालक दिस कलल्यावर मेला. त्या वक्ताला दावा."

चीफ हसले. "बाई, यंत्राला सकाळ-संध्याकाळ नसते."

त्यांचं ते हसणं मला खटकलं. मी म्हणालो, "बाईंचं म्हणणं रास्त आहे. घटना ज्या वेळी घडली त्याच वेळी जागा पाहायची, हे मीच आधी करायला हवं. दुपारनंतर पुन्हा येतो. तोवर या पेटीला कोणी हात लावायचा नाही." पेटीशी हवालदार उभा केला.

दिवस कलल्यावर आम्ही परत गेलो. गव्हाणीची मावळतीकडची बाजू उघडी होती. तिकडूनच बैलगाड्या यायच्या. उतरतं ऊन तिरपं थेट त्या पेटीच्या काचेवर पडलं होतं. पट्टा सुरू केला, पोतं रेघेत धरलं. पट्टा थांबला नाही. पोतं तसंच धरून ठेवलं. पट्टा चालतच राहिला. चीफ ओरडले, "नीट धर रे!" मजुराने वर-खाली, मागे-पुढे सगळीकडे धरून पाहिलं. मग मी डोक्यावरची टोपी काढून काचेवरचं ऊन अडवलं. पट्टा खटकन थांबला.

दिव्याचा उजेड तुटला तरी पेटीला सूर्याचा उजेड मिळत होता. त्यामुळे समोर माणूस आलाय हे तिला कळतच नव्हतं. बाई तोंडावर पदर धरून खाली बसली. मी ती चाचणी पंचांसमोर पुन्हा करून घेतली आणि पंचनामा तिथेच लिहिला.

कारखान्याचे विजेचे इंजिनिअर म्हणजे एक तरुण गृहस्थ होते. पेटीची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि चाचणीच्या वेळी तेही हजर होते. त्यांना मी ठाण्यात बोलावलं, समोर खुर्ची दिली आणि म्हणालो, "तार नसतानाही पट्टा थांबला नाही, हे तुम्ही पाहिलंत. मग ती तार कशासाठी होती?"

त्यांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ती मी घातली. अपघात झाल्यावर. पोलीस यायच्या आधी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

त्यांनी चीफचं नाव घेतलं आणि मग सगळंच सांगितलं. हा डोळा बंदिस्त गोदामासाठी चांगला होता. उन्हात आणि उसाच्या भुशात तो चालणार नाही, असं त्यांनी बसवण्याआधीच चीफना सांगितलं होतं. इथे पट्ट्यावर आडवा लोंबता लोखंडी दांडा हवा होता. माणसाचा धक्का लागला की सरळ वीज तोडणारा. पण पाहुण्यांना दाखवायला विजेचा डोळा रुबाबदार दिसत होता. माणूस मेल्यावर आपली निवड चुकली हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याच्या गळ्यात गुन्हा अडकवणं चीफना सोपं वाटलं. माझ्या कानाशी लागलेला खबऱ्याही त्यांनीच पाठवला होता.

त्यानंतर दडपण सुरू झालं. आधी गावातले वजनदार लोक येऊन बसले. मग वरून फोन आला, "अपघात म्हणून मिटवा. कारखाना बंद पडला तर शेतकरी रस्त्यावर येतील." मी म्हणालो, "साहेब, लेखी आदेश द्या. डायरीत नोंद करतो." लेखी आदेश कधीच आला नाही. गव्हाण चालवणाऱ्याला मी सोडून दिलं. चीफवर निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा आणि खोटा पुरावा उभा केल्याचा गुन्हा लावला. विजेच्या इंजिनिअरांनी तार घातल्याची कबुली कोर्टातही दिली. त्याची किंमत म्हणून त्यांची नोकरी गेली. चीफना शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण दोष पुसला गेला नाही. बाईंना कायद्याने मिळायचं ते मिळालं, कोणापुढे खोटा अंगठा न उठवता.

निकालाच्या आधीच माझी बदली दुष्काळी पट्ट्यात, मिरजगावच्या बाजूला झाली. निरोपाला आलेला एक जण म्हणाला, "जरा नमतं घेतलं असतं तर?" मी त्याला सांगितलं, त्याच जागी पुन्हा नेमलं तर पुन्हा हेच करीन. सामानाची ट्रंक मी हसतच गाडीत चढवली.

त्या तपासाने मला एक गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे अनेक कारखानदारांना ऐकवली. साधन निवडताना आधी ते जिथे बसणार ती जागा बघा. तिथे ऊन कुठून येतं, धूळ किती, वाफ किती, माणसं कशी वावरतात हे बघा. ते बिघडलं तर यंत्र थांबेल की चालूच राहील, हे विचारा. चालूच राहणार असेल तर ते कितीही नवं आणि महाग असो, घेऊ नका. काही जण ऐकतात. काही जण म्हणतात, फौजदारसाहेब, हा तुमचा विषय नाही. अशा वेळी मी त्यांना सरळ सांगतो: सुऱ्यांखालून माणूस बाहेर काढून चादरीत बांधायची वेळ आली की तो पोलिसांचाच विषय होतो. म्हणून मी आधीच बोलतो, आणि बोलत राहणार.