ताजं कोंबडखत

पासष्टची लढाई लागली तेव्हा मी जबलपुरात नवीनच होते. आमचे हे कारखान्यात ओतकामाच्या भट्टीवर होते आणि लढाईमुळे त्यांची एक पाळी संपते न संपते तोच दुसरी लागायची. बाजारात भाजी महाग, त्यातही शिळी. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, की आपापल्या अंगणात भाजी लावा. आमच्या क्वार्टरच्या मागेही मोकळी जागा होती, आणि मी तर अमरावतीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. निदान शेजारपाजारी मी तसं सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे वडिलांच्या शेतात मी जायची ती हुरडा खायला.

वांग्या-टमाट्याची रोपं लावली. जमीन अशी कडक की खुरपं टणकन वाजायचं. रोपं पिवळी पडून तशीच उभी राहिली, ना वाढ ना मरण. तेव्हा मला आठवलं, शेणखतापेक्षा कोंबडखत जोरदार असतं असं वडील एकदा कोणाला तरी सांगत होते. ते पुढे आणखी काही बोलले होते, पण तोवर मी हुरड्याकडे वळले होते.

गोहलपूर मोहल्ल्यात एक म्हातारे चाचा कोंबड्या पाळत. लष्कराकडून अंड्यांची मागणी वाढली होती, म्हणून त्यांनी कोंबड्याही वाढवल्या होत्या आणि खुराड्यामागे खताचा ढीग लागला होता. कोणी न्यायला आलं याचाच त्यांना आनंद. त्यांनी मला त्या जुन्या, काळ्या पडलेल्या ढिगाकडे नेलं. माझी त्या वेळची हिंदी म्हणजे मराठीला शेवटी ‘है’ लावलेलं. मी बजावून सांगितलं, "चाचा, ये शिळा नको है. ताजा दो." भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खुराड्यातलं ओलं खत पोत्यांत भरून दिलं.

ती पोती पायाशी घेऊन मी सायकलरिक्षात बसले आणि नेमकी पाळी सुटायच्या वेळेला कारखान्याच्या फाटकासमोरून गेले. अख्खा घोळका नाकाला रुमाल लावून बाजूला झाला. त्यात हेही होते. मला पाहताच ते खाली वाकून आपल्या सायकलची चेन पाहू लागले. चेन चांगली होती.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काहून आणलं हे?"

मी म्हटलं, "पाहाच तुम्ही."

प्रत्येक रोपाच्या बुडाशी मी ओंजळ ओंजळ खत घातलं आणि भरपूर पाणी दिलं. वास क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत पसरला, माश्या घोंगावू लागल्या. शेजारी कानपूरकडच्या एक बाई होत्या, फोरमनची बायको. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरून उदबत्तीचा पुडा दिला आणि म्हणाल्या, "रख लीजिए बहनजी, पूजा में काम आएगी." मी तो खरोखर देवापुढे ठेवला. अर्थ लागायला दोन दिवस गेले.

तोवर रोपांच्या पानांच्या कडा करपल्या आणि आठवडाभरात सगळी वाळून आडवी झाली. मी आधी उन्हाला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग कारखान्याच्या धुराला. उरलेलं खत फेकायला पुन्हा त्याच फाटकासमोरून जायची हिंमत नव्हती. म्हणून कोपऱ्यात खड्डा केला, त्यात खत, कडुनिंबाचा पाला, वाळलं गवत असं सगळं ढकललं आणि वर माती लोटली. पुरावा लपवल्यासारखंच ते काम होतं.

थंडीत एका सकाळी त्या जागेवरून वाफ निघताना दिसली. हे नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांनी माती उकरून आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"हे तर आतून तापून राहिलं. तू इथं भट्टीच लावली."

"मग माझी रोपं..."

"भाजली. आमचा माल पण गार झाल्याशिवाय कोणी हातात घेते का?"

मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. ज्या माणसाला मेथी आणि कोथिंबीर ओळखू येत नाही, तो मला शेती शिकवत होता.

तरी दोघांनी मिळून ते खत पिकू दिलं. सुटीच्या दिवशी हे फावड्यानं खालवर करत, मी पाणी शिंपडत असे. उन्हाळा सरेपर्यंत ते काळं, भुसभुशीत झालं आणि वास पार गेला. पावसाळ्यात वाफ्यात थोडं थोडं मिसळलं, काही दिवस थांबलो आणि मग रोपं लावली. या वेळी वांग्यांनी फांद्या वाकल्या. ज्या मातीत खुरपं वाजायचं, तिथं आता बोटांनी तण निघायचं. इतकी वांगी झाली की शेवटी ह्यांनीच एक दिवस नुसतं वरण मागितलं.

शेजारच्या बाईंनी टोपलंभर खत मागितलं. मी ते दिलं आणि सोबत मोठं व्याख्यानही दिलं, जणू हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढे त्यांची वांगी माझ्यापेक्षा मोठी झाली, तरी मी भिंतीवरून सूचना करतच राहिले.

फोरमनची बदली झाली तेव्हा सामानात बाईंनी पिकल्या खताचं एक पोतंही बांधून घेतलं. त्या टांग्यात बसत असतानासुद्धा मी त्यांना सांगत होते, की नव्या जागी घाई करू नका, आधी मातीत मिसळा. टांगा हलला, मी शेजारून चालत राहिले, बोलत राहिले. वळणावर त्यांनी हात जोडले. तो नमस्कार निरोपाचा होता की आता पुरे म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही.