पेटीचा भाव

आणीबाणीच्या वर्षी एका मंगळवारी बाबा शाळेत शिकवताना वारले. आमच्या वटार गावाच्या आसपास ख्रिस्ती घरांसाठी शवपेट्या करणारा मिस्त्री तेव्हा एकच होता, आणि तो घर बघून भाव सांगायचा. शेजारचे बागायतदार गेले तेव्हा त्याने दुप्पट घेतले होते. आमच्या ओटीवरून नजर फिरवत तो हळूच म्हणाला, "बाय, मास्तरांचं घर. तुम्ही निम्मेच द्या."

आई रडायची थांबली. "निम्मे का? मास्तर काय निम्मे होते?"

"राग नको, बाय. मला ठाऊक आहे ना."

"शेजाऱ्यांकडून घेतलेत तेवढेच घ्या."

त्याने घेतले. आमची ओढाताण गावाला ठाऊक होती, हे तिला त्या दिवशी कळले. पुढच्या महिन्यात त्या खर्चापायी तिने एक पाटली सोनाराकडे मोडली. त्या मिस्त्रीशी ती पुन्हा बोलली नाही. दहाएक वर्षांनी तिची पेटीही त्यानेच केली, कारण दुसरा कोणी नव्हता. तिची उरलेली पाटली आता माझ्याकडे आहे.