वाजत जायची राखण

माझी शाळा दोन यत्तांची. तिसरीच्या मास्तरांनी मला पट्टीनं मारलं, मी पट्टी मोडली, आणि आमच्या दोघांचंही शिक्षण तिथंच संपलं. तेव्हा इथं शुद्धलेखन शोधत बसू नका. पण आमच्या गावानं डोंगर कसा राखला हे सांगायला माझ्याएवढा लायक माणूस आता जिवंत नाही. असलाच तर त्याला मी बोलू देणार नाही.

निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या सडकेपासून आत आमचं गाव. साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. शिव्या कानडीत द्यायच्या आणि भांडण मराठीत मिटवायचं, अशी गावाची वहिवाट. मागं एक बोडका डोंगर. झाड म्हणाल तर म्हसोबाच्या डोक्यावर एक वाकडं, तेही देवापेक्षा देवाच्या भीतीनं टिकलेलं. पण गवत असं यायचं की आत बसलेला बैल दिसायचा नाही. ते गवत सगळ्या गावाचं. बैलांचा बेंदूर सण झाला की डोंगर बंद. जनावर सोडायचं नाही, विळा न्यायचा नाही. दसरा उलटून बी झडलं की मग सगळ्यांनी मिळून कापणी. म्हातारी माणसं म्हणायची, "गवताला दिवस गेल्यात. आधी बाळंत होऊ दे, मग काप."

डोंगराला पगारी राखण्या नव्हता. होती एक काठी, तिला वर घुंगरं बांधलेली. बंद डोंगरावर जो गवत चोरताना सापडेल, त्याच्या हातात ती काठी द्यायची. मग त्यानं राखण करायची, दुसरा चोर सापडेपर्यंत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते आमच्या गावानं कायदाच करून टाकलेलं. आणि कापणीच्या दिवशी घरागणिक एकेक पट्टा वाटून घेताना काठी ज्याच्या घरात, त्याचा नंबर शेवटचा. शेवटाला उरायचं ते वरचं खडप, नुसता खडकाळ माथा. तिथं गवत कमी आणि कुसळं जास्त. बैलाच्या जिभेत रुततात, बैल दोन घास खाऊन तुमच्याकडं असा बघतो की मान खाली घालावी.

राखण करताना काठी वाजवत जायचं, हा पक्का नियम. परगावचे पाहुणे हसायचे. म्हणायचे, घुंगरं ऐकून चोर पळून जाणार की. अहो, पळावा म्हणूनच वाजवायची! गवत वाचलं, तंटा वाचला. चोर धरून त्याचं काय लोणचं घालायचंय? हल्ली माणसं येतात, सतरंजी अंथरून आम्हाला डोंगर कसा राखावा ते शिकवतात, आणि चहा पिऊन जातात. मी चहा पितो आणि गप्प बसतो. चहा चांगला असतो.

तर त्या साली तंबाखूचं खूळ आलेलं. निपाणीच्या पेठेत पानाला भाव चढला, म्हणून जो तो जोंधळा मोडून तंबाखू लावायला लागला. मी नुकताच भावांपासून वेगळा निघालेलो, अंगात रग. वाट्याला आलेल्या सगळ्या रानात तंबाखूच लावली. बायको म्हणाली, "एक तुकडा तरी जोंधळ्याला ठेवा. बैलं काय खातील?" मी म्हणालो, "बैलांचं मी बघतो." तंबाखू गाढवसुद्धा खात नाही हे मलाही ठाऊक होतं. पण एकदा तोंडातून शब्द गेला की मी तो परत घेत नाही, अजून घेत नाही. सांगायचा मुद्दा, कडबा शून्य. उन्हाळा काढायचा तर डोंगराच्या गवतावर, नाहीतर बैलजोडी बाजारात उभी करायची आणि पुढं भावांच्या दारात औत मागायला जायचं. त्यापेक्षा मी स्वतःच औताला जुंपून घेतलं असतं.

असं असताना मी श्रावणातच एक भारा कापायला गेलो. काठी तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आप्पाकडं होती. घुंगरं मला लांबूनच ऐकू आली. शहाण्या माणसानं पळावं. मी भारा बांधत बसलो. आप्पा बिचारा दमत दमत जवळ आला आणि ओरडला, "अरं पळ की रं! मी वाजवतोय, ऐकू येत न्हाय व्हय?"

"येतंय की."

"मग?"

"मी कुणाच्या बापाला भीत न्हाय."

आप्पानं काठी पुढं केली. "लई चांगलं. मग ही घे."

आणि म्हातारा उड्या मारत डोंगर उतरला. त्याचे गुडघे दुखतात असं मी तोवर समजत होतो.

आता मला दुसरा चोर हवा होता. पण माझ्यासारखा राखण्या गावानं बघितला नव्हता. सकाळी वाजवत जायचो, दुपारी वाजवत जायचो. कुत्रंसुद्धा डोंगराकडं फिरकेना. गवत कमरेला लागलं, छातीला लागलं. गाव खूश, मी उपाशी. बायको म्हणाली, "एवढं चोख राखू नका. जरा आंधळं व्हा." म्हसोबाला नारळ बोललो की एक चोर पाठव. देवानं लक्ष दिलं नाही. त्याला नारळ मिळतोच, माझाच कशाला पाहिजे?

मग मी डोकं चालवलं. बायकोच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घुंगरांत कोंबल्या आणि भर दुपारी मांजराच्या पावलानं ओढ्याच्या अंगानं वर चढलो. बघतो तर गवत हलतंय. आत एक लाल पागोटं. गावचा पाटील, स्वतः, विळा घेऊन! घोडीसाठी कापत होता.

"यारप्पा अदू?" कोण ते, म्हणून पाटील दचकून कानडीत ओरडला. मला बघितल्यावर मराठीवर आला. "तू व्हय? बस की. घोडी आजारी हाय रं."

"घोडी बरी हुईल. काठी घ्या."

"घरी चल, बोलू आपण."

"चावडीवर बोलू."

पुढं पाटील, मागं मी, गवताचा भारा माझ्या डोक्यावर, पुरावा म्हणून. गावातनं अशी वरात मी लग्नातही काढली नव्हती. चावडीवर माणसं जमली. पंचांत आप्पा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाजत गेलतास का?"

मी म्हणालो, "पाटलानं चोरी केली का न्हाय ते आधी इचारा."

"केली. दिसतंय. तू वाजत गेलतास का?"

एकानं काठी उचलून हलवली. आवाज नाही. दुसऱ्यानं बोट घालून चिंधी ओढली. बायका लांब उभ्या होत्या, त्यांतली एक म्हणाली, "आगं, हे तर हिच्या हळदीचं लुगडं!" मग जे हसू फुटलं ते चावडीच्या कौलांपर्यंत गेलं.

"चोरी खरी का खोटी?" मी ओरडलो.

"खरी," आप्पा म्हणाला, "पर धरणं खोटं. आज तू दबकत पाटलाला धरलंस. उद्या पाटील दबकत तुला धरंल. मग रोज गवतात कोण न कोण लपून बसंल, तुडवून तुडवून कापायला काय ऱ्हाईल? काठी तुझ्याकडंच."

मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. चोर तो चोर. पण काठी घरी आली.

कापणीचा दिवस आला. मानाप्रमाणं पाटलाचा पट्टा पहिला, ओढ्याकाठचा, हिरवट मऊ गवताचा. एकेक घर आपापल्या पट्ट्यात शिरलं, विळे चालू झाले. पाटील मात्र आपल्या पट्ट्याकडं गेलाच नाही. सगळे सोडून माझ्याकडं आला.

"तू त्यो ओढ्याकडचा घे. मी खडप घेतो."

"मला धर्म नको."

"धर्म न्हाय रं, गाढवा! घोडीला गवत टाकलं की पोरं दारातनं घुंगरांचा आवाज काढत्यात. मला गावात तोंड हाय का न्हाय?"

"मग काठी घ्या."

"काठी पंचांनी तुला दिलीया. ती कशी घेऊ?"

"मग पट्टा पंचांनी तुमाला दिलाय. त्यो मी कसा घेऊ?"

तो हलेना, मी हलेना. ऊन वर आलं. शेजारचे पट्टे अर्धे कापून झाले. माणसं विळे थांबवून आमच्याकडं बघायला लागली. तेवढ्यात बायकोनं पदर खोचला आणि माझ्या हातातला विळा हिसकावला.

"बैलं काय तुमच्या मानावर रवंथ करणार हाईत?"

आणि ती सरळ ओढ्याकाठच्या पट्ट्यात शिरून सपासप कापायला लागली. ना मला विचारलं, ना पाटलाला. ते गवत पुढच्या पावसापर्यंत पुरलं आणि बैल दावणीलाच राहिले, हे आताच सांगून टाकतो.

पाटील खडपाकडं चढायला लागला. मी मागनं गेलो. खडप माझ्या वाट्याचं होतं, ते दुसऱ्यानं एकट्यानं कापायचं म्हणजे काय? आप्पाचा विळा घेतला आणि पाटलाच्या शेजारी बसलो. दिवस कलेपर्यंत दोघं कापत राहिलो. मग पाटील एकदम उठून उभा राहिला आणि पाठ माझ्याकडं केली.

"मागं बघ रं जरा. धोतरात कुसळं गेल्यात."

मी म्हणालो, "आधी माझी काढा."